दाभोशाचा फोटो आणि छत्तीस तास

जव्हार-मोखाड्यात पर्यटनाचा हंगाम पावसाचा. त्यातही 15 ऑगस्ट शनिवार-रविवारी आला की मुंबई, ठाणे, नाशिकच्या गाड्यांनी गाव भरून जातं. पुढचा घटनाक्रम अशाच एका आठवड्याचा आहे. त्यातलं घर, मालक, छायाचित्रकार काल्पनिक आहेत. कायद्याची कलमं, मुदती आणि मध्ये येणारे दोन खटले मात्र खरे आहेत.

फेब्रुवारी. सहा महिने आधी

जव्हारच्या वेशीबाहेर सहा खोल्यांचं होमस्टे. नागलीची भाकरी, चुलीवरची आमटी, अंगणात खाटा. पुतण्याचा मित्र वेबसाइट बनवून द्यायला तयार होतो आणि विचारतो, “काका, फोटो कुठले टाकू?”

“बघ की गूगलवर. दाभोशाचे ढीगभर सापडतील.”

फेब्रुवारीत दाभोसा धबधब्याची जेमतेम धार उरलेली असते, त्यामुळे स्वतः जाऊन काढायचा विचार कुणी करत नाही. पोराला हवा तसा फोटो मिळतो: भर पावसातली लेंडी नदी, तीनशे फुटांवरून कोसळणारं पाणी, वर ढग. कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आहे. ते तो कापून टाकतो.

दाभोसा कुणाच्या मालकीचा नाही, पण त्याचा तो एक फोटो कुणाचा तरी आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता. हक्क फोटो काढताक्षणीच निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. तो कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं टिकतो. कापलेल्या नावाचा हिशेब वेगळा. कर्त्याची ओळख सांगणारी माहिती जाणूनबुजून काढणं हा कलम 65ब खाली गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गुरुवार, 13 ऑगस्ट, सकाळी 10. उरले 36 तास

नाशिकच्या छायाचित्रकाराला त्याचा फोटो सापडला आहे. तो होस्टिंग कंपनीला लेखी तक्रार पाठवतो आणि तिची प्रत मालकाला. तक्रारीत फोटोचं वर्णन आहे, मालकीचा पुरावा आहे, नक्कल कुठल्या पानांवर आहे ते पत्ते आहेत आणि न्यायालयात दावा लावण्याची हमी आहे.

कॉपीराइट नियम 2013 मधला नियम 75 इथून घड्याळ सुरू करतो. तक्रारीत तथ्य दिसलं तर कंपनीने 36 तासांच्या आत तो मजकूर लोकांना दिसणार नाही अशी व्यवस्था करायची असते.

गुरुवार, दुपारी 1. उरले 33 तास

मालक मेल उघडतो. इंग्रजीत दोन पानं, खाली कलमांचे आकडे. लॉटरी लागल्याचे मेल येतात तसलाच प्रकार असणार, असं समजून तो शनिवारच्या कोंबड्यांचा हिशेब करायला बसतो. फोटो काढून टाकायचा आणि ‘काढला आहे, क्षमस्व’ एवढं उत्तर पाठवायचं, तर या घडीला दहा मिनिटांचं काम होतं.

गुरुवार, रात्री 9. उरले 25 तास

छायाचित्रकार स्वतः फोन करतो.

“नमस्कार. तुमच्या वेबसाइटवर माझा दाभोशाचा फोटो आहे.”

“अहो साहेब, उलट तुमची जाहिरातच होतेय की फुकटात!”

“त्यावर माझं नाव कुठे आहे?”

मालक थोडा थांबतो. “बरं, किती पैसे द्यायचे ते सांगा.”

“पैशाचा प्रश्न नाही हो. तो फोटो मी एका पर्यटन कंपनीला वर्षभरासाठी दिलाय, फक्त त्यांनीच वापरायचा अशा बोलीवर. आता मला तुम्हाला ‘हो’ म्हणायचं असलं तरी म्हणता येत नाही.”

परवानगी मागून घेता येते, असं आपण गृहीत धरतो. पण अनन्य परवाना दिला गेला की कायद्याच्या कलम 54 नुसार दाद मागण्यापुरता तो परवानाधारकही हक्कदार ठरतो. उशिरा मागितलेल्या परवानगीला तोवर दुसरा धनी आलेला असतो.

मालक म्हणतो, “सोमवारी बघू. आत्ता गर्दी आहे.”

शुक्रवार, सकाळी 8. उरले 14 तास

आता मालकाला काळजी वाटू लागते. पासवर्ड पोराकडे, आणि पोरगा कामासाठी मोखाडा तालुक्यात खोडाळ्याकडे गेलेला. फोन लागत नाही.

शुक्रवार, सकाळी 11. उरले 11 तास

फोन लागतो. पोरगा शांत. “काका, मी कुठे त्यांच्याकडून घेतला? मला तो एका फेसबुक पेजवर मिळाला. चोर असेल तर तो पेजवाला.”

हाच बचाव जगातल्या मोठ्या वृत्तसंस्थेनेही करून पाहिला होता. 12 जानेवारी 2010 रोजी दुपारी 4 वाजून 53 मिनिटांनी हैतीत भूकंप झाला. छायाचित्रकार डॅनियल मोरेल यांनी तासाभराच्या आत आपले फोटो ट्विटरवरून जगासमोर ठेवले. काही मिनिटांतच शेजारच्या डोमिनिकन रिपब्लिकमधल्या एकाने ते उचलून स्वतःच्या नावावर लावले. रात्री पावणेदहाला एएफपी या वृत्तसंस्थेने ते त्या दुसऱ्याच्या पानावरून घेतले, त्याचंच नाव लावून गेटी इमेजेसकडे पाठवले, आणि ते जगभर गेले. पुढे एएफपीने ट्विटरच्या अटींचाही आधार घेतला, पण तो न्यायालयात टिकला नाही. नोव्हेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने आठ फोटोंपोटी सुमारे 12 लाख डॉलर भरपाई ठरवली. फोटो आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने आला यावर त्याची मालकी ठरत नाही. मधल्या माणसाकडे जे नव्हतंच ते तो आपल्याला देऊ शकत नाही.

शुक्रवार, दुपारी 3. उरले 7 तास

पोरगा खोडाळ्याहून परततो आणि आपल्या परीने तोडगा काढतो. धबधबा आरशात दिसतो तसा उलटा करतो, रंग गडद करतो, वर ‘स्वागत’ लिहितो. “आता तो वेगळा झाला, काका.”

तो वेगळा झालेला नाही. कृतीचा महत्त्वाचा भाग परवानगीशिवाय वापरला तरी उल्लंघन होतं. शिवाय या तीन क्लिकनी मालकाने आपली शेवटची ढालही टाकली. कलम 55 मध्ये अजाण माणसाला थोडी सवलत आहे. या कृतीवर कुणाचा हक्क आहे हे माहीत नव्हतं आणि तसं वाटायला कारणही नव्हतं, हे सिद्ध केलं तर भरपाई टळते. मनाई हुकूम आणि त्या वापरातून झालेल्या नफ्यातला वाटा एवढ्यावर निभावतं. तक्रार हातात आल्यावर, फोनवर बोलणं झाल्यावर फोटो उलटा करणाऱ्याला अजाण कोण म्हणेल?

शुक्रवार, संध्याकाळी 6. उरले 4 तास

मालक चिडतो. “काढून टाक तो दाभोसा!” पोरगा मुख्य पानावरून तो काढतो आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेला दुसरा लावतो: भात आवणी करणारी बाई, डोक्यावर इरलं, ओठांवर हसू. इथे एकाऐवजी दोन माणसांची परवानगी हवी होती, काढणाऱ्याची आणि त्या बाईची.

मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. अद्वैत सेठना यांच्यापुढे असंच प्रकरण आलं. एका महिलेचा फोटो तिला न विचारता शटरस्टॉकवर चढवला गेला आणि तिथून तो अनेक सरकारांच्या आणि एका राजकीय पक्षाच्या जाहिरातींत पोचला. तिला काही माहीत नसताना तिच्या फोटोचा हा व्यापारी वापर सकृद्दर्शनी दिसतो, असं न्यायालयाने नोंदवलं. कॉपीराइट कॅमेऱ्यामागच्या माणसाचा असतो. समोरच्या माणसाचा चेहरा त्याच्या सोबत विकत मिळत नाही, त्यासाठी वेगळी संमती घ्यावी लागते.

घाईत एक गोष्ट राहून गेली आहे. बुकिंगच्या पानावर उलटा दाभोसा तसाच कोसळतो आहे.

शुक्रवार, रात्री 10. शून्य

होस्टिंग कंपनी बुकिंगचं पान बंद करते. तिथे आता एक ओळ दिसते: कॉपीराइटच्या तक्रारीमुळे हे पान उपलब्ध नाही. रात्री ऐनवेळी खोली शोधणारे ती ओळ वाचून दुसरीकडे जातात. ज्यांचं बुकिंग पक्कं आहे ते फोन करून विचारतात, “तुम्ही बंद केलंत का?”

हे बंद दार तक्रार मिळाल्यापासून 21 दिवस टिकू शकतं, म्हणजे 3 सप्टेंबरपर्यंत. तोवर तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर कंपनी पान पुन्हा उघडू शकते, पण तोवर हंगाम उतरणीला लागलेला असतो. आदेशासाठी त्याला जव्हारला यावं लागत नाही. कलम 62 नुसार तो जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावू शकतो, म्हणजे तारखांना नाशिकला जायचं ते मालकाने. फौजदारी वाट वेगळीच आहे. कलम 63 मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केलं आहे. धंद्यातल्या फायद्यासाठी उल्लंघन झालं नसेल तरच न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, आणि होमस्टेची वेबसाइट धंद्यासाठीच असते.

फेब्रुवारीत दुसरा रस्ता होता. जुलैपर्यंत थांबायचं आणि गावातल्या चांगला कॅमेरा असलेल्या मुलाला एका दिवसाचे पैसे देऊन दाभोशाला पाठवायचं. मोबदला देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच असतो; कलम 17 तसं सांगतं. किंवा नाशिकला एक पत्र लिहायचं: कुठला फोटो, कुठे वापरणार, किती काळ, किती मोबदला, नाव कसं छापायचं. मुदत लिहायची राहिली तर कायदा ती पाच वर्षं धरतो. तेव्हा तो फोटो अजून कुणाला दिलेला नव्हता.