फडताळ गेलं आणि प्लाय आला : परभणीतल्या एका निवडीचा इतिहास

"विषयच सापडत नाही" म्हणणाऱ्यांसाठी ही पोस्ट आहे. पेट पास झालात, सिनॉप्सिस लिहायला बसलात, की डोक्यात आधी येतं ते संस्थान, चळवळ नाहीतर एखादं मोठं नाव. आज उलट्या बाजूने जाऊ. परभणीत घर बांधणारा माणूस कपाटासाठी आणि किचन ओट्याखालच्या ट्रॉल्यांसाठी प्लाय निवडतो, म्हणजे तो नेमकं काय निवडतो? आणि त्याच्या आजोबांपुढे ही निवड का नव्हती?

दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण मला तो जास्त आवडतो.

आजोबांचं घर माळवदाचं होतं. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, लाकडी खांब, त्यावर तुळया, वर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. घर किती मोठं, हे चौरस फुटांत नाही, खणांत सांगायचे. अशा घरात सामान ठेवायची जागा भिंतीच्या पोटातच असायची : कोनाडा, देवळी, फडताळ. धान्य कणगीत, कपडे पेटीत. वेगळं कपाट ही गोष्ट वाड्यांपुरती. सुताराकडे लोक जायचे ते औत, बैलगाडी, चौकट आणि दारासाठी. लाकूड म्हणाल तर शेताच्या बांधावरची बाभूळ आणि लिंब. सागवान हवं तर किनवट, माहूर, आदिलाबादचा पट्टा. (किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. निजामकाळातली वनखात्याची कागदपत्रं शोधताना हे विसरलात तर चुकीच्या जिल्ह्याच्या फायली चाळत बसाल.)

मग विटांच्या भिंती आणि आरसीसी स्लॅब आला. भिंत नऊ इंचांवर, आतली तर साडेचार इंचांवर आली. साडेचार इंचांत फडताळ कुठून बसणार? भिंतीतलं सामान बाहेर आलं आणि त्याला ठेवायला खोकं लागलं. आपल्या फर्निचरचा इतिहास मी तरी इथून सुरू करतो, दुकानापासून नाही.

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप इथे महत्त्वाचा आहे. लातूर-उस्मानाबादकडे दगडमातीच्या भिंती आणि त्यावरचं माळवदाचं ओझं झोपलेल्या माणसांवर कोसळलं, हजारो माणसं गेली. त्यानंतर मराठवाडाभर माळवदाकडे लोक संशयाने पाहू लागले. पण "किल्लारीमुळे परभणीत प्लाय आला" असं वाक्य कृपा करून लिहू नका, गाईड लाल पेन काढतील आणि ते बरोबरच असेल. स्लॅब त्याआधीच यायला लागला होता, भूकंपाने उरलेली माया तोडली. कारण आणि वेग या दोन गोष्टी वेगळ्या मांडायला शिका.

आता प्लायकडे. लाकडाचे पातळ पापुद्रे सोलायचे, एकाच्या आडव्या रेषांवर दुसऱ्याच्या उभ्या रेषा असे विषम संख्येने रचायचे, गोंदाने चिकटवून गरम प्रेसमध्ये दाबायचे. अखंड फळी रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि आकसते. मे महिन्यात परभणीची कोरडी भट्टी आणि आषाढात ओल, म्हणून जुनं दार पावसाळ्यात अडकतं. प्लायमध्ये एक थर दुसऱ्याला धरून ठेवतो.

भारतात प्लायवूड आधी फर्निचरसाठी आलंच नाही, ते आलं चहाच्या पेट्यांसाठी. व्हेनेस्टा ही ब्रिटिश कंपनी एस्टोनियातल्या टॅलिनच्या कारखान्यातलं प्लायवूड चहाच्या पेट्यांसाठी विकायची. पुढे आसामात, जिथे मळे होते तिथेच होलाँगसारख्या झाडांपासून प्लाय बनू लागला. मुद्दा ध्यानात घ्या : जंगल, मळा आणि कारखाना एका जागी होते.

ही साखळी तुटली ती कोर्टात. टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाड यांची १९९५ ची याचिका होती निलगिरीतल्या जंगलाबद्दल. सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ ला त्यात जो अंतरिम आदेश दिला, तो देशभर लागू झाला. ईशान्येकडच्या सात राज्यांतून रेल्वे, रस्ता किंवा जलमार्गाने लाकूड बाहेर नेण्यावर बंदी आली आणि अरुणाचलच्या तिराप-चांगलांग भागातले प्लायवूड-व्हेनियरचे कारखाने बंद करायला सांगितले. उद्योग सरकला. हरियाणातलं यमुनानगर वाढलं, तिथे शेतकऱ्यांनी बांधावर लावलेला पॉपलर आणि निलगिरी मिळत होते. केरळात पेरुंबावूरला रबराचं लाकूड.

म्हणजे परभणीच्या दुकानात शब्द तोच राहिला, "प्लाय", पण आतलं झाड बदललं. जंगलातलं जुनं, जड झाड जाऊन सहा-सात वर्षांत तोडलेला हलका पॉपलर आला. आठ बाय चार फूट, १८ मिलिमीटरचा बोर्ड उचलून बघा : पॉपलरचा साधारण तीस किलोच्या आसपास, कठीण लाकडाचा सहा-सात किलो जास्त. वरचा लालसर गर्जनचा पापुद्रा बघून फसू नका, तो चेहरा आहे, अंग नाही. गर्जनचंही तेच : म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि त्याचीही झळ इथल्या भावात पोचली.

जुना सुतार लाकूड वाचायचा : वास, रेष, वजन, नख मारून पाहणं. सोललेला, दाबलेला, वरून सनमायका लावलेला बोर्ड असा वाचता येत नाही. त्याच्या ज्ञानाची जागा एका शिक्क्याने घेतली. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा प्लाय, त्यात एमआर आणि बीडब्ल्यूआर. आयएस ७१० म्हणजे बाजारातला "मरीन". फरक मुख्यतः गोंदाचा. एमआरमध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइड, तो हवेतली ओल सोसतो, सांडलेलं पाणी नाही. ७१० मध्ये फिनॉलचा रेझिन, चाचणीत ७२ तास उकळूनही सुटायला नको. आयएसआय ही संस्था १९८७ मध्ये बीआयएस झाली, दुकानदार मात्र अजून "आयएसआय माल" म्हणतो. मौखिक इतिहास घेताना असे शिळे शब्द जपून ठेवा, ते तारखा सांगतात.

घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने हा वाद पुस्तकी नाही. सोयाबीनचे पैसे आले, त्यातून किचन केलं आणि एमआर लावला, तर सिंकखालचा पाट दुसऱ्या पावसाळ्यात फुगतो. बेडरूमच्या कपाटाला मात्र एमआर पुरतो, तिथे ७१० चा आग्रह म्हणजे पैसे पाण्यात. लांब दारांना ब्लॉकबोर्ड बरा, तो कमी वाकतो. सनमायका एकाच बाजूला लावला तर चांगला बोर्डही धनुष्य होतो. शंका असेल तर कडेकडून बघा : पापुद्र्यांमध्ये फटी आहेत का, एकावर एक चढलेत का. नाहीतर तुकडा कापून घरी कुकरमध्ये उकळा. काही सुतार आजही हे करतात, आणि मला त्यात वासावरून लाकूड ओळखण्याचाच धागा दिसतो. शिक्क्यावर विसंबायचं नाही, स्वतः तपासायचं.

फेव्हिकॉलचा विषय मुद्दाम सोडतोय. १९५९ मध्ये तो आला आणि सरस शिजवण्याचं काम हळूहळू मागे पडलं, पण त्यावर वेगळी पोस्टच लागेल.

तुम्हाला हा विषय घ्यायचा असेल तर अर्काइव्हच्या आधी जुनं लाकूड विकणाऱ्यांकडे जा. पाडलेल्या माळवदांच्या तुळया तिथे येतात, आणि कधी कधी जुनी कपाटंही. कपाटाची मागची फळी उलटी करा. शिक्का असेल तर फोटो काढा, नसेल तर कड घासून आतलं लाकूड बघा, वजन करा आणि घरमालकाला विचारा ते कोणत्या साली केलं. १९९६ च्या अलीकडचं आणि पलीकडचं असे दोन ढीग पाडून बघा, पहिला कच्चा तक्ता तिथेच तयार होतो.