भित्रा आणि भेकड

बारामतीकर मोरोपंतांच्या (१७२९–१७९४) आर्याभारतांतील उत्तर आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. अंतःपुरांत बढाया मारणारा हा राजपुत्र कौरवसेना दृष्टीस पडतांच रथावरून उडी टाकून पळत सुटतो. अर्जुन त्यास धरून आणतो, पण घरीं धाडीत नाहीं. त्याच्या हातीं घोड्यांचे लगाम देतो, आणि तोच उत्तर पुढें कुरुसेनेसमोर रथ हांकतो. अशा माणसास काय म्हणावें? भित्रा, कीं भेकड?

हा प्रश्न आम्हांस पडला तो बायबलांतील ‘डेइलोस’ या ग्रीक शब्दामुळें. नव्या करारांत तो तीनच ठिकाणीं येतो, व त्यांतील दोन स्थळें एकाच प्रसंगाचीं आहेत. सरोवरांत वादळ उठतें, शिष्य गर्भगळित होतात, आणि येशू त्यांस हा शब्द लावतो. पण म्हणून त्यांस टाकीत नाहीं. तिसरें स्थळ प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायांत आहे. तेथें अग्नीच्या सरोवरांत जाणाऱ्यांच्या यादींत, खुनी लोकांच्याही आधीं, पहिला मान याच शब्दाचा! १६११ च्या इंग्रजी भाषांतरानें तेथें नुसतें ‘भिणारे’ असें म्हटलें. १९४६ च्या अमेरिकन भाषांतरानें तो शब्द बदलून ‘भ्याड’ या अर्थाचा घातला. मधल्या तीनशें पस्तीस वर्षांत किती गरीब, भिडस्त जीवांची झोंप उडाली असेल!

शब्द मुळांतच दुहेरी आहे. होमराचा अकिलीस ‘तुझें सारें मुकाट्यानें ऐकलें तर लोक मला डेइलोस म्हणतील’ अशा अर्थाचें बोलतो, तेव्हां ती शिवी असते. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरांत मात्र तोच शब्द दयेनें येतो. लढाईपूर्वीं, ज्याचें मन कचरतें त्यानें खुशाल घरीं जावें, नाहींतर भाऊबंदांच्याही काळजाचें पाणी होईल, असा तेथें नियम आहे. गिदोनाच्या सैन्यांतून बावीस हजार असे परतले, दहा हजार उरले. परतणाऱ्यांस शिक्षा नाहीं.

मग प्रकटीकरणांतच एवढी कठोरता कां? तो ग्रंथ रोमन अमलाखालीं, बादशहाच्या पूजेची सक्ती डोक्यावर असलेल्या आशियामायनरमधील मंडळ्यांसाठीं लिहिलेला आहे. आमच्या मतें तेथें दोष भिण्याचा नाहीं, भिऊन सोबत्यांस व श्रद्धेस सोडण्याचा आहे. इंदापुरास मालोजीराजे भोसले लढाईंत पडले. त्या घटकेस त्यांच्या मनांत भय होतें कीं नव्हतें, हें कोण सांगणार? पाय मागें गेला नाहीं, एवढेंच इतिहासास दिसतें.

तेव्हां ग्रीकांत शब्द एक असला तरी मराठींत दोन हवेत: नावेंतील शिष्य भित्रे, प्रकटीकरणांतील लोक भेकड. दुसऱ्या ठिकाणीं प्रचलित मराठी बायबलांत ‘भेकड’ हाच शब्द आहे, आणि तो आम्हांस योग्य वाटतो.

शब्दांची ही पारख बारामतीच्या वाटेवर, दौंडाच्या अलीकडे, केडगांवीं एका विदुषीनें पुष्कळ वर्षें केली. पंडिता रमाबाईंनीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक हाताळून सबंध बायबल मराठींत आणलें, तें खेड्यांतल्या साध्या बायकांस कळावें म्हणून. त्यांच्या मुक्तिसदनांत आलेल्या विधवा आणि दुष्काळांतल्या पोरी भय बरोबर घेऊनच आल्या होत्या. कोणतें भय निंद्य आणि कोणतें नव्हे, हा त्यांच्यापुढें कोशांतला प्रश्न नव्हता. बाई एप्रिल १९२२ मध्यें वारल्या. त्यांचा ग्रंथ १९२४ त छापून बाहेर पडला.