शस्त्रांचा कायदा आणि पक्षांची स्मरणशक्ती

सत्तेबाहेरच्या पक्षाची स्मरणशक्ती तीव्र असते आणि तोच पक्ष सत्तेवर आरूढ झाला म्हणजे ती मंदावते, हा अनुभव राजकारणात नवा नाही. तथापि या विस्मरणाचा इतिहास एकाच कायद्याच्या आधारे पाहावयाचा असेल, तर हिंदुस्थानातील शस्त्रांच्या कायद्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. शस्त्रे कोणाच्या हाती असावीत, हा प्रश्न वरवर पाहता पोलिसांचा दिसतो. वस्तुतः तो विश्वासाचा आहे. राज्यकर्ता कोणावर विश्वास टाकतो आणि कोणाकडे संशयाने पाहतो, याचे उत्तर त्याच्या भाषणांत मिळत नाही. ते परवान्यांच्या यादीत मिळते.

या कायद्याचे मूळ १८५७ च्या धामधुमीत आहे. त्या वर्षी व पुन्हा १८६० साली शस्त्रांवर निर्बंध घालणारे कायदे झाले. परंतु ज्याचे नाव पुढे सर्वतोमुखी झाले तो कायदा लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीतील, १८७८ सालचा अकरावा. त्यातील 'शस्त्र' या शब्दाच्या व्याख्येत बंदुका तर होत्याच, पण तरवारी, खंजीर, भाले आणि तिरकामठेही होते. परवान्यावाचून ही हत्यारे बाळगण्यास बंदी झाली. मात्र वाटेल त्या व्यक्तीला किंवा वर्गाला या बंधनातून मोकळे करण्याचा अधिकार सरकारने सत्ताविसाव्या कलमान्वये आपल्या हाती ठेवला आणि त्या अधिकाराच्या जोरावर युरोपियनांस सूट मिळाली. लोकांना बोचले ते नेमके हेच. बंदूक गेल्याचे दुःख थोड्यांना होते, कारण ती थोड्यांपाशीच होती. पण अविश्वासाचा शिक्का सर्वांच्या कपाळी बसला.

असल्या कायद्याने बंडे थांबतात काय? कायदा होऊन पुरते वर्षही लोटले नाही तोच, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह पुणे जिल्ह्यातील धामारी गावावर पहिला छापा घातला. त्यांनी परवान्यासाठी अर्ज केला नव्हता, हे सांगावयास नको. जुलै महिन्यात ते पकडले गेले, तेही पाठलागामुळे. परवान्याच्या नियमांमुळे नव्हे. ज्याला कायदा मोडावयाचाच आहे त्याला परवान्याची अट अडवीत नाही. रानडुकरांपासून पीक राखू पाहणारा कुणबी मात्र कचेरीच्या पायऱ्या झिजवीत राहतो.

१८८० साली इंग्लंडात उदारमतवादी पक्ष अधिकारावर आला आणि लॉर्ड रिपन व्हाइसरॉय झाले. लिटनशाहीची दोन अपत्ये त्यांच्या पुढ्यात होती: देशी वृत्तपत्रांचा कायदा आणि शस्त्रांचा कायदा. पहिला १८८२ साली रद्द झाला. दुसऱ्यास धक्काही लागला नाही. शब्दांवरील बंधन उदारमतास खुपले. हत्यारांवरील बंधन उपयोगी वाटले. विस्मरणाचा हा पहिला अध्याय होय. तो परकीय पक्षाचा आहे म्हणून आपणांस सहज ओळखू येतो.

स्वकीयांचा अध्याय १८८७ मध्ये सुरू होतो. त्या वर्षी मद्रासच्या अधिवेशनात राष्ट्रीय सभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला आणि बिपिनचंद्र पाल यांनी त्या प्रश्नावर जोरदार भाषण केले. त्या ठरावातील एक अट मात्र आज जवळजवळ विसरली गेली आहे. शस्त्र बाळगण्याची मुभा सर्वांस असावी. कोणास ती नाकारावयाची झाल्यास सरकारने त्याची कारणे लेखी नमूद करून प्रसिद्ध करावीत, असे त्या मंडळींचे मागणे होते. त्यांचा रोख बंदुकीपेक्षा अधिकाऱ्याच्या लहरीवर अधिक होता. ज्या हुकुमाची कारणे चारचौघांत सांगता येत नाहीत तो हुकूम संशयास्पद, एवढे साधे तत्त्व त्यात होते.

पुढे पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले आणि केवळ वर्णामुळे मिळणारी सूट गेली. पण परवान्याचे जोखड कायम राहिले. गांधीजींसारख्या अहिंसेच्या उपासकानेही जानेवारी १९३० मध्ये व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या मांडल्या, त्यांत आत्मरक्षणासाठी लोकनियंत्रणाखाली शस्त्रांचे परवाने मिळावेत, ही एक होती. १९३१ च्या कराची ठरावाने तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतच घातला. सत्ता दूर होती. स्मरणशक्ती शाबूत होती.

मग डिसेंबर १९४८ उजाडला. घटना समितीत हरि विष्णु कामत यांनी हाच हक्क घटनेत घालण्याची उपसूचना मांडली आणि कराचीच्या वचनाची आठवण करून दिली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला. इंग्लंडातील १६८९ च्या हक्कांच्या सनदेनेही हा हक्क सरसकट दिलेला नव्हता. तो मूलभूत म्हणून दिला तर सराईत गुन्हेगारालाही नाकारता येणार नाही. आणि नागरिकाच्या हक्कापेक्षा राष्ट्रासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर द्यावयास हवा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. उपसूचना फेटाळली गेली. फाळणीच्या रक्तपाताच्या जखमा ओल्या असताना हा निर्णय चुकीचा होता असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. आश्चर्य वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. हक्क नाकारला गेला, त्यास कारण होते; पण कारणे प्रसिद्ध करण्याची १८८७ ची मागणी कोणी पुढे आणल्याचे दिसत नाही. ती फाळणीने अशक्य केली नव्हती.

लिटनचा कायदा स्वराज्यात आणखी पंधरा वर्षे जगला. १९५९ साली नवा कायदा झाला आणि १९६२ मध्ये अंमलात आला. जुना कायदा सबंध राष्ट्राला निःशस्त्र करण्यासाठी होता, ही कबुली नव्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच आहे. नव्या कायद्यात सुधारणा झाल्या, हे नाकारणे अन्यायाचे होईल. अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे लिहून ठेवावी लागतात व मागितल्यास अर्जदारास कळवावी लागतात. मात्र सार्वजनिक हिताच्या नावाखाली तीही रोखून धरता येतात. सूट देण्याचा जुना अधिकार कलम ४१ मध्ये नांदतोच आहे. कूर्गच्या लोकांना इंग्रजी अमदानीपासून मिळालेली सूट त्याच आधारे २०१९ साली आणखी दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली. त्याच वर्षी एका व्यक्तीजवळील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली गेली. मर्यादा उतरते, शिक्षा वाढते; अधिकाऱ्याचे तारतम्य मात्र जागचे हलत नाही.

आणि जिल्ह्याच्या राजकारणाचा संबंध येतो तो येथेच. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मध्ये एका सरपंचाची हत्या झाली. तिच्या पाठोपाठ त्या एका जिल्ह्यात हजारांहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे चव्हाट्यावर आले. शेजारच्या जिल्ह्यांशी तुलना होऊ लागली, विधाने झाली, आणि प्रशासनाने शेकडो परवाने रद्द करण्याचा सपाटा लावला. ज्यांना कालपर्यंत जिवाचे भय होते ते एकाएकी निर्भय झाले काय? आणि भय नव्हतेच, तर परवाना दिला कोणी व कोणाच्या शब्दावर? प्रत्येक पक्षाने बोट दुसऱ्याकडे दाखविले. परंतु असल्या याद्या एका रात्रीत तयार होत नाहीत, आणि १९९९ पासूनच्या पंचवीस वर्षांत महाराष्ट्राचे गृहखाते एकाच पक्षाच्या हाती राहिलेले नाही. निवडणूक आली म्हणजे परवान्याची हत्यारे पोलिस ठाण्यात जमा करून घेण्याची वहिवाट आहे. आत्मरक्षणासाठी दिलेले साधन ऐन वैराच्या दिवसांत काढून घ्यावे लागते, याहून मोठी कबुली सरकार आणखी कोणती देणार?

बंदुका मोकळ्या कराव्यात, असा याचा अर्थ नव्हे. गावठी कट्ट्यांचा सुळसुळाट असलेल्या प्रांतात तो उपाय रोगाहून भयंकर ठरेल. परंतु निर्बंध अधिक कडक करू, ही घोषणाही तितकीच पोकळ आहे. कारण कडक कायदा वाकविणारा हात तोच राहतो. १८८७ च्या मंडळींनी नकाराची कारणे मागितली होती. आज ती मागणी उलट बाजूने करण्याची वेळ आली आहे: परवाना ज्याला मिळाला, त्याला तो का मिळाला, हे लेखी नमूद व्हावे आणि निदान जिल्ह्याजिल्ह्यांतून किती परवाने कोणत्या कारणांसाठी दिले, हे दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. या मागणीला विरोधी पक्ष टाळ्या देईल, यात शंका नाही. त्या टाळ्यांचे मोल मात्र तो पक्ष सत्तेवर आल्यानंतरच ठरवावे.