ब्रॉयलर कोंबडीच्या खाद्यात एन्झाइम का मिसळतात?

कोल्हापुरात रविवारी चिकनच्या दुकानासमोर गर्दी असते आणि त्याच दिवशी मोबाइलवर कोंबड्या ‘पावडर घालून फुगवतात’ असा मेसेजही फिरत असतो. ब्रॉयलरच्या खाद्यात अनेक पूरक घटक मिसळतात, हे खरे आहे. त्यातलाच एक म्हणजे एन्झाइम, मराठीत विकर. तो हार्मोन नाही आणि अँटिबायोटिकही नाही. त्याचे काम फक्त पचनापुरते असते.

कोंबडीला काय पचत नाही?

ब्रॉयलरचे खाद्य मुख्यतः मका आणि सोयाबीन पेंडीचे असते. या धान्यांतला सुमारे दोन तृतीयांश फॉस्फरस ‘फायटेट’ या रूपात बांधलेला असतो. हाडांसाठी फॉस्फरस लागतो, पण फायटेट फोडणारे एन्झाइम कोंबडीच्या शरीरात फारच थोडे तयार होते. त्यामुळे बराचसा फॉस्फरस विष्ठेतून वाया जातो आणि खाद्यात महागडे डायकॅल्शियम फॉस्फेट वरून घालावे लागते.

कोणते एन्झाइम काय करते?

• फायटेज: फायटेट फोडून फॉस्फरस मोकळा करते. नेदरलँड्समध्ये शेणखतातल्या जादा फॉस्फरसचा प्रश्न गंभीर झाला होता. तिथे १९९१ मध्ये ते पशुखाद्यासाठी बाजारात आले.
• झायलानेज: धान्यातले तंतुमय घटक तोडते. गव्हाचे प्रमाण जास्त असेल, तर आतड्यातला चिकटपणा कमी करते. विष्ठा कमी चिकट झाली की शेडमधली गादी कोरडी राहायला मदत होते.
• प्रोटिएज: प्रथिनांच्या पचनाला हातभार लावते.

ही एन्झाइम बहुधा बुरशी किंवा जिवाणूंपासून बनवतात. ती स्वतः प्रथिनेच असतात. कोंबडीच्या पोटात काम झाल्यावर बाकी प्रथिनांसारखी तीही पचून जातात.

शेतकऱ्याला काय फायदा?

ब्रॉयलरच्या उत्पादन खर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. एक किलो वजनवाढीसाठी किती किलो खाद्य लागले, याला एफसीआर म्हणतात. करार पद्धतीत शेतकऱ्याला मिळणारा मोबदलाही बहुतेक वेळा यावर ठरतो.

समजा, ५,००० पक्ष्यांची बॅच आहे, प्रत्येक पक्षी २ किलोचा झाला आणि एफसीआर १.६० आला. खाद्य लागले १६ टन. हाच आकडा १.५५ झाला, तर ५०० किलो खाद्य वाचते.

मग पावडर टाकली की झाले?

नाही. गोळी खाद्य वाफेवर ८० अंशांच्या पुढे तापवतात. त्या उष्णतेत साधे एन्झाइम निकामी होऊ शकते. म्हणून उष्णता सोसणारे एन्झाइम वापरतात किंवा गोळी तयार झाल्यावर द्रवरूपात फवारतात. खाद्यात कोणते धान्य आहे, त्यावर कोणते एन्झाइम घालायचे ते ठरते. बुरशी लागलेला मका, खराब पाणी किंवा कोंदट शेड यांवर ते उपाय नाही.

ब्रॉयलर ४० दिवसांत कसा वाढतो?

पिढ्यानपिढ्या निवडून केलेली पैदास, संतुलित खाद्य आणि शेडचे तापमान यांमुळे. हजारो पक्ष्यांना पुन्हा पुन्हा हार्मोनची इंजेक्शने देणे व्यवहारात शक्य नाही आणि परवडणारेही नाही. अँटिबायोटिकच्या गैरवापराची चिंता मात्र खरी आहे. म्हणूनच केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली. ग्राहकाने प्रश्न विचारायचा तो औषधांबद्दल.

याचा नदीशी काय संबंध?

पोल्ट्रीतले कोंबडखत उसाच्या शेतात जाते. त्यातला जादा फॉस्फरस पावसाबरोबर ओढ्यात उतरू शकतो. पंचगंगा आणि रंकाळ्यातल्या जलपर्णीमागचे मोठे कारण सांडपाणी आहे, पण जलपर्णी पोसली जाते ती अशाच पोषक द्रव्यांवर. फायटेज वापरून वरून घालायचे फॉस्फेट कमी केले, तर खतातला फॉस्फरसही घटतो. फॉस्फेट कमी न करता नुसते फायटेज घातले, तर हा फायदा मिळत नाही.