दूरचित्रवाणी चित्राचे गुणोत्तर

दूरचित्रवाणीवरील चित्राची रुंदी व उंची यांचे परस्परप्रमाण. प्रमाणित चित्रात ते ४:३, तर रुंदपट चित्रात १६:९ असते. ४:३ हे प्रमाण मूकपटांच्या ३५ मिमी. फिल्मवरून आले [→ चित्रपट]. १९५३ पासून सिनेमास्कोप चित्रपट याहून बरेच रुंद निघू लागले. १९८० च्या दशकात अभियंते कर्न्स पॉवर्स यांनी सुचविलेले १६:९ हे ४:३ व अशा रुंद चित्रपटांचे २.३५:१ यांच्या गुणोत्तर मध्याजवळ पडते. हाय-डेफिनिशन प्रक्षेपणाने तेच स्वीकारले [→ दूरचित्रवाणी].

४:३ चे चित्र रुंद पडद्यावर पूर्ण उंचीने दाखविल्यास दोन्ही बाजूंना रुंदीच्या एकअष्टमांशाएवढे काळे पट्टे उरतात. ते घालविण्यासाठी चित्र ताणले, तर चेंडू लंबगोल दिसतो. उलट प्रकारात पट्टे वर-खाली येतात. पडद्याचा कर्ण सारखा असल्यास रुंदपटाचे क्षेत्रफळ सु. ११ टक्के कमी भरते. इंचांत मोजलेल्या आकारावरून हे लक्षात येत नाही.