चवदार तळ्याच्या आठ दिवस आधी

“आपल्या पोरांना शिष्यवृत्ती मिळते, मग फीवाढीविरोधी आंदोलनात आपण कशाला?” हा प्रश्न मला आपल्याच कार्यकर्त्यांकडून वारंवार ऐकावा लागतो. त्याचं उत्तर 1927 सालात आहे.

20 मार्च 1927, महाड, आपल्याला तोंडपाठ आहे. त्याच्या आठ दिवस आधीचा 12 मार्च मात्र फारसा कुणाला आठवत नाही. त्या दिवशी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. भाषण भावनेचं नव्हतं, हिशेबाचं होतं. आर्ट्स कॉलेजांवरच्या खर्चापैकी 36 टक्के, हायस्कुलांच्या 31 टक्के आणि मिडल स्कुलांच्या 26 टक्के रक्कम विद्यार्थ्यांच्या फीमधून येते, हे त्यांनी दाखवलं आणि याला शिक्षणाचं व्यापारीकरण म्हटलं. खालच्या वर्गांसाठी उच्चशिक्षण होईल तितकं स्वस्त करा, ही त्यांची मागणी होती. तिजोरीत पैसा नाही म्हणाल, तर त्याचाही हिशेब तयार होता. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. लोकांकडून अबकारीत जितकं घेता तितकं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, एवढंच त्यांचं म्हणणं.

म्हणजे बोट थेट फीवर होतं. (व्यापारीकरण हा शब्द 1991 नंतरचा आहे असं समजणाऱ्यांनी हे भाषण जरूर वाचावं.)

शिष्यवृत्ती आपण लढून मिळवली, ती सोडायची नाहीच. पण फी आज भरायची असते आणि शिष्यवृत्ती कधी येईल ते कुणी सांगत नाही. आमच्या वस्तीतल्या एका मुलीची मार्कशीट कॉलेजने याच कारणावरून अडवून ठेवली. आईने बचत गटातून कर्ज काढलं. फेब्रुवारी 2018 मध्ये मुंबईच्या टिसमध्ये विद्यार्थी संपावर गेले, तेही शिष्यवृत्तीधारकांवर होस्टेल आणि मेसची रक्कम आधी भरण्याची सक्ती झाली म्हणून. फी जितकी वाढते, तितका हा मधला खड्डा खोल होत जातो.

फी गोठवता येते का? दक्षिण आफ्रिकेत आली. ऑक्टोबर 2015 मध्ये जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातल्या 10.5 टक्के प्रस्तावित वाढीवरून आंदोलन पेटलं, देशभर पसरलं आणि 23 ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष झुमांना 2016 साठी शून्य टक्के वाढ जाहीर करावी लागली. पण गोठवली ती एका वर्षापुरतीच. पुढच्याच वर्षी सरकारने विद्यापीठांना 8 टक्क्यांपर्यंत वाढीची मोकळीक दिली आणि पोरं पुन्हा रस्त्यावर आली.

म्हणून निवेदनात नुसतं “फी गोठवा” लिहू नका, सोबत “अनुदान वाढवा” हेही लिहा. बाबासाहेबांनी दोन्ही गोष्टी एकाच भाषणात मागितल्या होत्या. आणि निवेदन देण्याआधी माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका: आमच्या विद्यापीठाच्या एकूण खर्चापैकी किती टक्के विद्यार्थ्यांच्या फीमधून येतो? उत्तर आलं की 36 च्या शेजारी ठेवून बघा.