कंपवात आणि शस्त्रक्रिया

आपल्या वैद्यकांत ‘कंपवात’ हें नांव जुनेंच आहे. पाश्चात्यांना या रोगाची नीट ओळख पटली ती १८१७ सालीं. लंडनचे जेम्स पार्किन्सन यांच्या त्या छोट्या निबंधाला आधार अवघ्या सहा रुग्णांचा, आणि त्यांतले कांहीं तर रस्त्यांत जातांयेतां पाहिलेले! खरें गुणकारी औषध मात्र पुढें दीडशें वर्षें सांपडलें नाहीं. तेव्हां शस्त्रवैद्य पुढें सरसावले. मेंदूचा जो भाग हातपाय हालवितो तोच त्यांनीं कापून पाहिला. कंप थांबे, पण हातहि लुळा पडे. तरी रोगी हा सौदा पत्करीत. यावरून त्यांच्या हालांची कल्पना वाचकांस येईल.

पुढचें पाऊल पडलें तें अपघातानें. १९५२ सालीं न्यूयॉर्कचे आयर्व्हिंग कूपर शस्त्रक्रिया करीत असतां मेंदूंतील एक बारीक रक्तवाहिनी फाटली. जीव वाचावा म्हणून त्यांनीं ती बंद केली व योजलेलें काम तेथेंच सोडलें. रुग्ण शुद्धीवर आला तों कंप नाहीं, ताठरपणा नाहीं, आणि हात शाबूत! तेव्हांपासून मेंदूच्या गाभ्यांतील नेमका ठिपका निकामी करण्याच्या विद्येला जोर आला. आमच्या शहरांतील वैद्यकीय महाविद्यालय, सर्वांच्या तोंडची ‘घाटी’, निघालें १९५६ सालीं, म्हणजे यानंतर चारच वर्षांनीं.

१९६७ सालीं कोत्झियस यांनीं लेव्होडोपाचा गुण सिद्ध केला आणि शस्त्रें बहुतेक म्यान झालीं. मौज अशी, कीं हेंच द्रव्य मद्रासच्या दोघां संशोधकांनीं १९३७ सालीं खाजकुइलीच्या बियांतून वेगळें काढलें होतें! पण कांहीं वर्षांनीं औषधाचा अंमल लौकर उतरूं लागतो, अंग आपोआप वळवळतें. म्हणून शस्त्र परत आलें. १९८७ सालीं ग्रेनोबलचे बेनाबिद यांना दिसलें, कीं मेंदूंत तार घालून जलद विद्युत्स्पंद दिले तर कांहीं न जाळतांहि कंप थांबतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत डॉ. परेश दोशी यांनीं ही क्रिया सुरू केली.

‘वडिलांचें ऑपरेशन करावें काय?’ असें विचारणाऱ्या कुटुंबांनीं एवढें ध्यानांत घ्यावें: औषध ज्याला अजून लागू पडतें पण पुरत नाहीं, त्यालाच बहुधा हिचा लाभ. तोल, वाचा व स्मृति यांना ती फारशी उपयोगी नाहीं. रोगाची वाटचालहि थांबत नाहीं. खर्च लाखांच्या घरांत, आणि साधी बॅटरी असेल तर कांहीं वर्षांनीं ती बदलावी लागते, तो निराळा.